उंबरठ्यापाशी दोन बोटं

भर अकराच्या उन्हात एक माणूस शिडीवर चढून झारीनं पाऊस पाडत होता, आणि मी नेमकी त्या पावसाखाली जाऊन उभी राहिले.

चूक माझी नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं होतं, दार उघडंच असेल, सरळ मागच्या व्हरांड्यात या. मी सरळ गेले. व्हरांड्याला वर छप्पर, पुढची बाजू उघडी, खाली फरशी आणि दोन पायऱ्यांपलीकडे बाग. बागेतून छपराला शिडी लावलेली, आणि त्या शिडीवरून हा माणूस अगदी मन लावून पाण्याची तिरकी धार आत सोडत होता.

"भिजलात?" त्यानं वरून विचारलं.

माझ्या केसांतून पाणी नाकावर येत होतं. "नाही," मी म्हणाले.

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यानं उरलेली झारी रिकामी केली.

तेवढ्यात माझ्या मागून आत्या आली. आत्या कुठेही येते तेव्हा आधी तिचा आवाज येतो आणि मग ती येते. या वेळी आवाज आला, "अगं, केवढा सुरेख व्हरांडा—" आणि मग ती आली ती थेट ओल्या फरशीवर. तिला धरायला मी वळले तशी माझ्या खांद्यावरची पिशवी घसरली. टेप, खडू, रंगीत धाग्यांचे नमुने सगळं बाहेर आलं. आणि सगळ्यात शेवटी, गडगडत, झारी.

शिडीवरचा माणूस घाईघाईनं खाली उतरला. त्यानं आत्याला खुर्चीवर बसवलं, दहा वेळा माफी मागितली, आणि मग त्याचं लक्ष माझ्या झारीकडे गेलं. त्यानं झारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत झारीकडे पाहिलं.

"तुम्हीपण?" तो म्हणाला.

मी झारी उचलून पिशवीत टाकली.

डॉक्टरबाई बर्फ घेऊन आल्या. "मी डोळ्यांची डॉक्टर, हाडांची नाही," त्या आत्याचं मनगट बघत म्हणाल्या, "पण मोडलेलं मलाही दिसतं."

आत्या आणि मी गालिचे विणतो. नव्या पद्धतीच्या घरांसाठी, नव्या पद्धतीचे, पण हातानं. आत्याचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन उभे माग, रंगाची दोन पातेली आणि भिंतभर धाग्यांची गुंडाळी. खोली अरुंद असल्यानं माग समोरासमोरच्या भिंतींना लावलेले आहेत. त्यामुळे दोघी बसलो की आमची पाठीला पाठ. अकरा वर्षं आम्ही अशाच बसतोय.

व्हरांड्यात घालायचा गालिचा असला की आत्याचा एक हट्ट असतो. पाऊस आत कुठवर येतो आणि ऊन कुठवर येतं, हे स्वतः बघितल्याशिवाय लांबी ठरवायची नाही. लोक सांगतात, "छप्पर आहे हो, काही येत नाही आत." सगळं येतं. म्हणून झारी. असला उद्योग जगात आम्हीच करतो असा माझा समज होता.

शिडीवरचा माणूस वास्तुकाराच्या ऑफिसात मापं घ्यायचं काम करत होता, आणि त्या ऑफिसातला तो त्याचा शेवटचा आठवडा होता. आत्यानं प्लास्टर घालायला जातानाच त्याचं नाव "झारी" ठेवून टाकलं. तिला वेदना होत असल्या की ती लोकांना नावं ठेवते. माझं नाव फार पूर्वीच "घुमी" ठेवून झालंय, कारण मी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण मनात.

डॉक्टरबाईंना एक नाही, दोन गालिचे हवे होते. बैठकीच्या खोलीत लोकरीचा, आणि बाहेर व्हरांड्यात बाटल्यांच्या धाग्याचा. प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून हा धागा काढतात. भिजला तरी कुजत नाही, उन्हात फिका पडायलाही वेळ घेतो. दोन्हींची जमीन राखी आणि दोन्हींवर विटकरी रंगाच्या नऊ लांब रेघा. मधलं काचेचं दार पूर्ण सरकवलं की आतल्या नऊ रेघा उंबरठ्यावरून थेट बाहेरच्या नऊ रेघांत मिसळल्या पाहिजेत. दार उघडल्यावर आत-बाहेर एकच वाटावं, एवढीच बाईंची इच्छा होती. महिनाअखेर द्यायचे होते. दोन माग, दोन विणकर, चार आठवडे. हिशेब बरोबर होता, फक्त दोन विणकरांपैकी एकीचा हात आता गळ्यात अडकवलेला होता.

पुढच्या सोमवारी सकाळी झारी कारखान्याच्या दारात उभा.

"मी विणू शकतो," तो म्हणाला. "महिनाभर मोकळा आहे. मनगट माझ्यामुळे गेलं, तर हात मीच द्यायला हवा."

"बोलता छान येतं," आत्या म्हणाली. "चार ओळी विणून दाखव."

तो आत्याच्या मागावर बसला. धागा ओवला, पंजानं ठोकला. पंजा म्हणजे आमची दातेरी हातोडी, ओळ खाली दाबायची. चार ओळी झाल्यावर आत्यानं मागाच्या पाठीमागे मान घालून उलटी बाजू पाहिली. ती माणसंसुद्धा उलट्या बाजूनंच बघते.

"हात कोणाचा आहे हा?"

"आईचा. विशीपर्यंत तिच्या शेजारी बसायचो."

"काय करते आई?"

"आता नाही ती."

आत्यानं मान बाहेर काढली. "बस मग," ती म्हणाली. "आणि ऐक. आमच्याकडे एक नियम आहे. जोडीचं काम बोलून करायचं. दर वीतभर विणलं की आपलं माप मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग पुढे. आणि दुसऱ्याच्या मागाला न विचारता टेप लावायची नाही."

नियम होता खरा. पण मला आठवतंय तसं आत्यानं आणि मी तो पाळायचं कधीच सोडून दिलं होतं. अकरा वर्षांत मी काय करणार हे तिला न सांगताच कळायला लागलं होतं.

बाहेरच्या गालिच्याची लांबी अजून ठरायची होती, कारण पहिली भेट आत्याच्या मनगटावर संपली होती. म्हणून रविवारी मी आणि तो परत व्हरांड्यात गेलो. पाण्याची रेघ दहा मिनिटांत काढून झाली. शिडीवर तो, खाली खडू घेऊन मी, या वेळी बाजूला. उन्हाला मात्र वेळ लागतो. दुपारी तीनपासून ऊन पायऱ्या चढून आत येत होतं, आणि दर अर्ध्या तासानं त्याच्या कडेला खडूची रेघ ओढायची होती. दोन रेघांच्या मधल्या वेळात बसून राहण्याखेरीज काही काम नाही.

आम्ही फरशीवर बसून राहिलो. बागेत कुणीतरी गवत कापलेलं होतं, त्याचा वास येत होता.

"तुम्ही कमी बोलता," तो म्हणाला.

"हो."

"का?"

"पुरतं तेवढ्यात."

"मला नाही पुरत," तो म्हणाला. "चालेल ना, तुमच्या वाटणीचं मी बोललो तर?"

"बोला की."

मग तो बोलला. लोक घरं बांधताना खिडक्यांवर भांडतात आणि राहायला आल्यावर पडदे लावून बसतात, हे सांगितलं. आई रंग बनवताना बोट बुडवून चाखायची, हे सांगितलं. मध्येच थांबून म्हणाला, "हसलात."

"नाही."

"मला दिसलं."

"ऊन डोळ्यांवर येतंय."

पाच वाजले. ऊन माझ्या पायांपर्यंत आलं होतं. तो खडू घेऊन वाकला आणि रेघ ओढत ओढत माझ्याजवळ आला. पाय घ्या बाजूला, असं कुणीही म्हणालं असतं. तो म्हणाला नाही. माझ्या बोटांना वळसा घालून त्यानं रेघ पुढे नेली, अगदी सावकाश, आणि मी पाय हलवले नाहीत. नंतर त्यानं मापं कागदावर उतरवली तेव्हा उन्हाच्या सरळ रेघेत एका जागी छोटासा बाक होता. मी तो पाहिला आणि खोडायला सांगितलं नाही.

आता सांगून टाकते. मला तो आवडला होता. त्यात काही गुंतागुंत नव्हती, रात्री झोप उडाली वगैरे काही झालं नाही, जेवणही नीट जात होतं. फक्त सकाळी मी दहा मिनिटं लवकर यायला लागले, आणि आत्या घड्याळाकडे बघून खोकायला लागली.

कामाला वेग आला. माझ्या पाठीमागे त्याची पाठ. तोंड दिसत नाही, आवाज येतो. बाटलीचा धागा ताणला की किंचित कुरकुरतो, लोकर गप्प असते. त्या खोलीत कोण कुठल्या मागावर बसलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"पहिली वीत," तो तिकडून म्हणायचा. "एक नंबर रेघ सरळ, पाच नंबर सरळ, नऊ नंबर सरळ. तुझं?" आठवड्यातच तुम्हीचं तू झालं होतं. कुणी आधी म्हटलं ते आठवत नाही.

"झाली."

"झाली काय? माप सांग ना."

"नकाशाप्रमाणे."

"तू चिडलीस की पंजा दोनदा मारतेस, माहितीये?"

मी पंजा एकदाच मारला.

"आता मुद्दाम एकदा मारलास."

आत्या स्टुलावर बसून संत्रं सोलत होती, एका हातानं, म्हणजे खरं तर संत्र्याशी मारामारी करत होती. "मी इथे आहे हं," ती म्हणाली. "बहिरी झालेले नाही. नुसता हात गेलाय."

दुसऱ्याच आठवड्यात, आपल्या मागावर उभे धागे चढवताना, त्यानं तो प्रश्न विचारला होता. पुढे त्यावरून बरंच झालं, म्हणून नीट सांगते. तो म्हणाला, "लोकर धुतल्यावर आटते ना... रुंदीला वाढ किती ठेवलीस?"

लोकर आटते, हे मला विचारणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईला मीठ घालतात ना, असं विचारणं. वाढ मी ठेवलेलीच होती. नकाशात सात फूट, म्हणून मागावर सात फूट अडीच इंच. धुतल्यावर बरोबर सातवर यावं म्हणून. पण अकरा वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मला राग आला. शिवाय त्याच्यासमोर मला राग आला याचाही राग आला.

"सात फूट," मी म्हणाले. "नकाशात आहे तेवढं."

"मागावर?"

"सात फूट म्हणजे सात फूट. माझं मी बघते."

तिकडे धागा ताणल्याची कुरकुर परत सुरू झाली. मला वाटलं, विषय संपला.

तिसऱ्या आठवड्यात, चहा पिताना, तो म्हणाला, "एक तारखेपासून नवी नोकरी आहे. दुसऱ्या शहरात. मोठी कंपनी आहे, मोठमोठ्या इमारतींची कामं... तीसला निघेन." आणि माझ्याकडे बघत राहिला.

"छान," मी म्हणाले.

छान हा फार सोयीचा शब्द आहे. त्याच्या मागे काहीही लपवता येतं.

"छान ना," तो म्हणाला. कप विसळला आणि मागावर जाऊन बसला. त्या दुपारी तो माझ्या वाटणीचं बोलला नाही, स्वतःच्या वाटणीचंही नाही. धागा तेवढा कुरकुरत होता.

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. जाऊ नकोस, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मागाकडे तोंड करून म्हटले असते तरी चाललं असतं, त्याला माझा चेहराही दिसला नसता. ते मला जमलं नाही. त्याऐवजी मी पत्र लिहिलं. त्या शहरात गालिच्यांचा एक मोठा कारखाना आहे, रुंद मागांचा. तुमच्याकडे विणकराची जागा आहे का, असं चार ओळींत विचारलं. नुसती चौकशी, असं स्वतःला सांगितलं. आठ दिवसांत उत्तर आलं, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपासून या. मी ते उत्तर घडी करून धाग्यांच्या गुंडाळ्यांमागे ठेवलं. आत्याला सांगितलं नाही. त्याला तर नाहीच.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी अचानक तिथे जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, मीही इथे काम करते. इतका माझा बेत होता. यात बोलावं फार लागणार नव्हतं.

सत्तावीस तारखेला दोन्ही गालिचे मागावरून उतरले. लोकरीचा धुतला, वाळवला, ताणला. बरोबर सात फूट भरला. माझं मन निवांत झालं. त्याचा गालिचा त्यानंच गुंडाळून बांधून ठेवला होता. जाणाऱ्या माणसाची बांधाबांध मला बघवत नव्हती, त्यामुळे मी तिकडे फिरकलेच नाही.

अठ्ठावीसला आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. मी खोलीत माझा गालिचा उलगडला, त्यानं व्हरांड्यात त्याचा. दोघांनी मधली पाचवी रेघ धरून गालिचे सरकवत सरकवत उंबरठ्याला आणले. पाचवी रेघ पाचवीला भिडली, अगदी एकजीव. माझा हात आणि त्याचा हात उंबरठ्याच्या दोन बाजूंना, एकाच रेघेवर होते. त्यानं वर पाहिलं. मीही पाहिलं. तेव्हा बोलले असते तर बरं झालं असतं.

"हे काय?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या एक डोळा मिटून कडेला उभ्या होत्या. मी त्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. चौथी आणि सहावी रेघ जराशा चुकलेल्या. तिसरी, सातवी आणखी. पहिल्या आणि नवव्या रेघेशी माझा गालिचा त्याच्या गालिच्यापेक्षा दोन-दोन बोटं बाहेर होता.

त्यानं टेप काढली. "विचारतो," तो मला म्हणाला, "लावू का तुझ्या गालिच्याला?"

"लाव."

"सात फूट." मग त्यानं स्वतःच्याला लावली. "सहा फूट साडेनऊ." आणि तो तसाच बसून राहिला. "तू वाढ ठेवली होतीस."

"मग! लोकर आहे ती."

"मी विचारलं होतं तुला."

"मी सांगितलं होतं. सात फूट."

"मी मागावरचं विचारलं होतं. मला वाटलं, तू ठेवली नाहीस. मागावर सात, म्हणजे धुतल्यावर अडीच इंच आटणार. मग तुझ्या रेघा जिथे येणार, तिथे मी माझ्या आणल्या. अडीच इंच कमी करून."

"मला न सांगता?"

"तू ऐकून घेतलं असतंस?"

मी गालिच्याची कड सरळ केली. नसतं घेतलं.

"टेप का नाही लावलीस?"

"विचारावं लागलं असतं," तो म्हणाला. "आणि तुझा पंजा दोनदा वाजत होता."

"म्हणजे चुकलं कुणाचं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कुणाचंच नाही," आत्या खुर्चीवरून म्हणाली. ती यावेळी फरशीपासून लांबच बसली होती. "यानं तिला सांभाळून घेतलं आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. दोघांचं बरोबर आहे. त्याचाच तर वैताग आहे."

काही लोक अशा वेळी म्हणतात, राहू दे, त्यातच गंमत आहे. डॉक्टरबाई तशा नव्हत्या. "मी दिवसभर लोकांना रेघा वाचायला लावते," त्या म्हणाल्या. "या रेघा मला इथे बसून रोज दिसतील. आतला उत्तम झालाय, तो राहील. बाहेरचा परत विणा. तीन आठवडे लागोत, चार लागोत, मी थांबते."

बाहेरचा म्हणजे त्याचा. आणि तो परवा जाणार.

परत येताना गालिचा गाडीत मागच्या सीटवर, त्याच्या आणि माझ्या मध्ये. आत्या पुढे.

कारखान्यात आल्यावर मी म्हणाले, "बाहेरचा मी विणीन. मला जमेल."

"चूक माझ्या मागावर झाली," तो म्हणाला. "मी विणतो."

"तू जाणार आहेस."

"बघू."

"बघू काय? तिकीट आहे ना तुझं?"

"अरे, बसा दोघंही!" आत्या ओरडली. तिनं एका हातानं दोन स्टुलं ओढली आणि खोलीच्या मध्ये समोरासमोर ठेवली. "पाठीला पाठ लावून खूप झालं. जोडीचं काम बोलून करायचं, हा नियम काय मी भिंतीला सांगितला होता? आता मापं मोठ्यानं सांगायची. मी ऐकते."

आम्ही बसलो. महिनाभरात पहिल्यांदा या खोलीत मला त्याचं तोंड सरळ समोर दिसत होतं. त्याच्या भुवईत राखी धाग्याचा कण अडकला होता.

"रुंदी सात फूट," तो म्हणाला.

"सात फूट. मागावर आणि उतरवल्यावरही. बाटलीचा धागा आटत नाही, वाढ नको."

"लांबी पाण्याच्या रेघेपर्यंत."

"आणि उन्हाच्या."

"रेघा नऊ."

"नऊ," मी म्हणाले. मापं संपली. आत्या उठली नाही. तोही उठला नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"अजून एक आहे," मी म्हणाले. "मला... तू गेलेला नको आहे."

तो काही म्हणणार होता. मी हात वर केला. एकदा थांबले असते तर परत सुरू झाले नसते.

"म्हणजे जा. नोकरी चांगली आहे. मी छान म्हणाले होते, ते खोटं होतं. मला अजिबात छान वाटलं नव्हतं. तू आवडतोस मला. त्या उन्हाच्या दिवसापासून, पायाला वळसा घातलास तेव्हापासून. तू माझ्या वाटणीचं बोलतोस ते थांबलं की मला करमत नाही. म्हणून मी... तिकडच्या कारखान्याला पत्र टाकलं. त्यांनी बोलावलंय. पंधरा तारखेपासून."

मी गुंडाळ्यांमागून घडी काढली आणि त्याच्या हातात दिली. आत्यानं आ वासला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्यानं पत्र उघडलं. वाचलं. परत वाचलं. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"काय झालं?"

"मी नोकरीला नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला. "मागच्या सोमवारी. तिकीटही रद्द केलं. तुला सांगणार होतो, पण तू छान म्हणाली होतीस... म्हटलं, इथेच राहू, हळूहळू सांगू."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याची नोकरी इथे नाही, तिथेही नाही. माझी मात्र तिथे आहे.

"परत!" आत्या कपाळाला हात लावत म्हणाली. मोडलेलाच हात लावला, मग कळवळली. "परत तेच! तिनं परस्पर वाढ धरली, यानं परस्पर कमी केली! अरे, तुम्हाला तोंडं कशाला दिलीत?"

मला हसू आलं. ते लपवायला ऊन नव्हतं, म्हणून लपवलं नाही.

"हसलीस," तो म्हणाला.

"हो."

"मग आता कुठे राहायचं? इथे की तिथे?"

"तू सांग."

"नाही. तू सांग. मोठ्यानं."

"इथे," मी म्हणाले. "आत्याच्या प्लास्टरकडे बघून नव्हे. मला इथे आवडतं म्हणून. आणि तुला?"

"इथे," तो म्हणाला. "पण काम लागेल मला. तुमच्याकडे मापं घ्यायला माणूस आहे का?"

"आहे की," आत्या म्हणाली. "मी."

"तुम्ही घसरता."

"तू पाणी ओततोस म्हणून घसरते! उद्या सकाळी आठला ये. उशीर चालणार नाही. आणि हा धागा काढ भुवईतला, कधीची बघतेय."

तो मी काढला.

बाहेरचा गालिचा आम्ही दोघांनी एकाच मागावर विणला. फळीवर शेजारी शेजारी बसून, डावीकडच्या चार रेघा त्याच्या, उजवीकडच्या चार माझ्या, मधली पाचवी ज्याचा हात रिकामा असेल त्याची. दर वितीला मापं मोठ्यानं सांगितली. सुरुवातीला मला लाज वाटायची, नंतर सवय झाली, नंतर आत्या म्हणायला लागली की आता जरा गप्प बसा. तिकडच्या कारखान्याला मी सविस्तर पत्र लिहून नकार कळवला. चार ओळींत भागलं असतं, तरी पान भरून लिहिलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंकडे गालिचा अंथरला. दार सरकवलं. बाईंनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग पहिल्या रेघेपासून नवव्या रेघेपर्यंत अनवाणी चालून बघितलं, आणि "बरं आहे" म्हणाल्या. त्यांच्याकडून हे खूप होतं.

"पण पावसाचं काय?" त्यांनी विचारलं. "खरंच नाही ना येणार इथवर?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो शिडी आणायला बागेत गेला. मी पिशवीतून झारी काढून भरून दिली. आत्या खुर्ची उचलून थेट बैठकीच्या खोलीत जाऊन बसली.

मी गालिच्याच्या कडेला उभी राहिले आणि वर बघून सांगत राहिले. थोडं डावीकडे. अजून तिरकं. इथे येतंय, चार बोटं अलीकडे थांबतंय, हं, बरोबर. मग त्यानं झारी नको तितकी पुढे केली. मुद्दाम केली, याबद्दल मला शंका नाही.

"भिजलीस?" त्यानं वरून विचारलं.

पाणी केसांतून नाकावर येत होतं.

"हो," मी मोठ्यानं म्हणाले. "पूर्ण."